मुलं सोशल वर्करकडे फिरकत नाहीत? कॅथलिक शाळांनी या चुका टाळा

मुंबई-वसई पट्ट्यातल्या कॅथलिक शाळांमध्ये सोशल वर्कर आता नवलाईची राहिलेली नाही. तिचं पद मात्र अधांतरीच असतं. अनुदानित शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई असतात, सोशल वर्कर नसते. तिचा पगार कुठे व्यवस्थापन देतं, कुठे एखादी संस्था देते, कुठे पालक-शिक्षक संघाच्या पैशातून निघतो. त्यामुळे ती नेमकी कुणाची माणूस, हे कुणीच नीट ठरवलेलं नसतं. हेडमिस्ट्रेस सिस्टरना वाटतं आपली, क्लास टीचरना वाटतं आपली. मुलांना ती ऑफिसची माणूस वाटली की काम तिथेच बसलं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच सापडतं.

शिस्तीचं खातं तिच्याकडे देणं

तीन लेट मार्क झाले, कॅलेंडरमध्ये रिमार्क आला, वर्गात मारामारी झाली, की हुकूम सुटतो: "जा, सोशल वर्करना भेटून ये." (ज्यांची शाळा कॉन्व्हेंट नव्हती त्यांच्यासाठी: मुंबईत अशा शाळांच्या डायरीला कॅलेंडर म्हणतात, आणि त्यातला रिमार्क घरून सही करून आणावा लागतो.) एकदा तिच्या खोलीत जाणं म्हणजे शिक्षा असं ठरलं, की ज्याला खरंच काही सांगायचंय तो त्या दाराशी थांबतही नाही.

हे तपासायला सोपं आहे. महिन्याच्या नोंदी काढा आणि किती मुलं आपणहून आली, किती पाठवली गेली ते मोजा. सगळीच पाठवलेली असतील तर खोलीचं नाव खराब झालंय असं समजा. मग खोलीत बसून राहू नका. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला थांबा, प्रत्येक वर्गात एखादा तास घ्या, चेहरा ओळखीचा होऊ द्या. पाठवलेल्या मुलाला पहिला प्रश्न "काय केलंस?" हा नको. "सकाळी किती वाजता उठतोस?" इथून सुरुवात करा, बरंच कळतं.

रोज उशिरा येणारा सातवीतला मुलगा घ्या. आई सहालाच घरकामाला बाहेर पडते, धाकट्या बहिणीला बालवाडीत सोडायचं याच्याकडे. बालवाडी सव्वासातला उघडते, शाळेची घंटा सात दहाला होते. या मुलाला समुपदेशनाची काडीचीही गरज नसते. बालवाडीच्या ताईंशी बोलून दार दहा-पंधरा मिनिटं आधी उघडून घेतलं तर लेट मार्क बंद होतात. समुपदेशक खोलीत ऐकतो, सोशल वर्कर बालवाडीपर्यंत चालत जाते. शाळेने तिच्या गृहभेटी बंद करून तिला खोलीत बसवलं की हा फरकच पुसला जातो.

गृहभेटीचंही तंत्र आहे. गळ्यात शाळेचं आयकार्ड लटकवून चाळीत शिरलात की शेजारची दारं उघडतात आणि संध्याकाळपर्यंत मजलाभर चर्चा होते की अमक्याच्या पोराने शाळेत काहीतरी केलंय. आधी फोन करा, आईला सोयीची वेळ विचारा, कार्ड पर्समध्ये ठेवा.

"मी कुणालाच सांगणार नाही"

हे वचन कधीही देऊ नका. कॅथलिक घरातल्या मुलांना कन्फेशन, म्हणजे फादरसमोर दिलेली पापांची कबुली, माहीत असतं. फादर ऐकलेलं कुणाला सांगत नाहीत, हे लहानपणापासून कानावर असतं, आणि सोशल वर्करलाही तोच नियम असेल असं मुलं धरून चालतात. तसं नसतं. पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा धोका जाणवला, तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे.

तरीही घडतं काय? आधी सिस्टरना सांगा, मग मॅनेजर फादरना, मग "आपण आपली अंतर्गत चौकशी करू." यात दिवस जातात आणि मुलाला तीच गोष्ट चार खुर्च्यांसमोर चार वेळा सांगावी लागते. ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणात वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. ती शाळा कॅथलिक नव्हती, पण कायदा सगळ्यांना एकच. "चर्चची स्वतःची पद्धत आहे" हेही कारण चालत नाही. पोप फ्रान्सिस यांच्या 2019 च्या 'व्होस एस्तिस लुक्स मुंदी' या आदेशाने धर्मगुरू आणि सिस्टरांवर चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवण्याची जबाबदारी टाकली, आणि देशाच्या कायद्याने घातलेली बंधनं त्याने कमी होत नाहीत, हेही त्यातच लिहिलंय.

मुलाशी बोलायला बसतानाच सांगा: तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न आला तर मला काही मोठ्या माणसांना सांगावं लागेल, आणि कुणाला सांगणार ते तुला आधी कळेल. मुलाने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. खोदून विचारू नका. ते काम तुमचं नाही. पोलिसांची भीती वाटणाऱ्या पालकांना दोन गोष्टी जरूर सांगा: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो, आणि जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो. त्यांचा अर्धा ताण तिथेच उतरतो.

प्रार्थना आणि पॅरिश

या शाळांमध्ये बहुतेक ठिकाणी कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (ख्रिस्ती धर्मशिक्षणाला) जातात आणि बाकीची त्याच तासाला व्हॅल्यू एज्युकेशनला बसतात. ही विभागणी सगळ्यांना मान्य असते. गडबड होते ती रडणाऱ्या मुलीला "डोळे मिट, आपण येशूकडे मागू" म्हटलं की. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण घरी ती गोष्ट वेगळ्याच रूपात पोहोचते, आणि आजच्या वातावरणात त्यानंतर मूळ दुखणं बाजूलाच राहतं. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत सहभागी करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद 28(3) मध्येच आहे. मूल स्वतः प्रार्थनेबद्दल बोललं तर ऐका. आपण सुरुवात करू नका.

कॅथलिक मुलांच्या बाबतीत चूक उलट्या बाजूने होते. पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजात, सगळे सगळ्यांना ओळखतात. क्वायरमध्ये गाणारी आंटी शाळेत शिकवते, तिचा दीर पॅरिश कौन्सिलवर असतो. बापाच्या दारूची गोष्ट स्टाफरूममध्ये निघाली की रविवारच्या मिसानंतर चर्चच्या आवारात ऐकू येते. पॅरिशची मदत जरूर घ्या. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं फी, रेशन, औषधं यात खरंच उपयोगी पडतात. त्यांना एवढंच सांगा की या घराला अमुक गरज आहे. कारण सांगायचं की नाही, ते कुटुंबाला ठरवू द्या.

एलडीची दहावीत आठवण

"केअरलेस मिस्टेक्स" हा शेरा पाचवीपासून येत असतो, आणि अध्ययन अक्षमतेच्या (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजेच एलडीच्या) प्रमाणपत्राची धावपळ सुरू होते दहावीच्या दिवाळीनंतर. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी डोळे-कान तपासणी, बुद्ध्यांक चाचणी, शैक्षणिक चाचणी अशा फेऱ्या असतात, आणि नंबर लागायलाच वेळ जातो. तोवर जादा वेळ, लेखनिक या बोर्डाच्या सवलतींसाठी अर्ज करायची मुदत निघून गेलेली असते. सहावी-सातवीतच सुरुवात करा. पण आधी एक बघा: घरी मराठी किंवा कोकणी बोलणाऱ्या आणि इंग्रजी माध्यमात अडखळणाऱ्या प्रत्येक मुलाला एलडी नसतो. त्याला घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावा. तिथे तो घडाघडा बोलत असेल तर अडचण भाषेची असण्याची शक्यता जास्त.

जुनी माहिती

गरजू आईला "आरटीईतून भरा", म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांतून प्रवेश घ्या, असा सल्ला देणारे अजून भेटतात. प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अनुदानित आणि विनाअनुदानित दोन्ही अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळलं. त्यामुळे कॉन्व्हेंटमध्ये 25 टक्क्यांची जागा शोधण्यात त्या बाईचे नुसते हेलपाटे होतात. केंद्राची अल्पसंख्याक मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही 2022 मध्ये पहिली ते आठवीसाठी बंद झाली.

सर्वांत नाजूक प्रकार अहिल्यानगर, नाशिककडच्या शाळांत दिसतो. 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. त्यामुळे दलित ख्रिस्ती कुटुंबात बापाच्या दाखल्यावर एक धर्म आणि मुलाच्या बाप्तिस्म्याच्या कागदावर दुसरा, असं आढळतं. आदिवासी ख्रिस्ती मुलांचा अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र धर्माने बदलत नाही. प्रवेशाचा फॉर्म भरताना "चर्चला जाता ना, मग ख्रिश्चन लिहा" असं सहज म्हणणारा क्लार्क पुढच्या कित्येक वर्षांच्या सवलतींचा निकाल लावून मोकळा होतो. तो धर्माचा रकाना पालकांनी, परिणाम समजून घेऊन, स्वतः भरायचा.

आणि जे मिळू शकतं ते कुणी सांगत नाही. आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून दरमहा 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. कागद जुळवायला सोशल वर्करने सोबत बसलं तरच तो पुरा होतो.

मार्चनंतर गायब

समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी फिल्डवर्कला येतात. सिस्टरांनीच 1955 मध्ये सुरू केलेलं मुंबईचं निर्मला निकेतन त्यातलं जुनं. उत्साही मुलं-मुली असतात, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतात, मुलं त्यांच्याशी मोकळी होतात आणि परीक्षेच्या सुमारास ताई अचानक यायची थांबते. पुढच्या वर्षी नवी ताई, पुन्हा तीच कहाणी पहिल्यापासून. तिसऱ्या ताईला मूल काहीच सांगत नाही. निघायची तारीख मुलांना जानेवारीतच सांगा, केसची फाईल शाळेतल्या कायम माणसाकडे द्या, आणि त्या दोघांची ओळख मुलासमोर करून द्या.

मे महिन्याच्या सुट्टीचंही आधीच ठरवा. घरातच धोका असलेल्या मुलांची यादी एप्रिलमध्ये काढा, प्रत्येकासाठी सुट्टीत फोन उचलणारं एक माणूस ठरवा, आणि 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर त्यांच्याकडून तोंडपाठ करून घ्या. कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर तो छापलेला असला तरी सुट्टीत कॅलेंडर कुणी उघडत नाही.