घरातील सांध्यांसाठी योग्य सीलंट कसे निवडावे

सीलंट, म्हणजे सांधे आणि फटी बुजवण्याचा लवचीक लगदा, निवडताना बहुतेक जण नळीवरील ‘वॉटरप्रूफ’ किंवा ‘दीर्घकाळ टिकाऊ’ हे शब्द वाचून निर्णय घेतात. परंतु सांधा पुन्हा उघडतो तो सीलंटमधून पाणी आरपार जाते म्हणून नव्हे, तर सांध्याच्या दोन्ही बाजू हलतात आणि सीलंटला ती हालचाल पेलवत नाही म्हणून. दोन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची चौकट तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढल्यावर सुमारे १.४ मिलिमीटरने लांबते, तर तिला लागून असलेले काँक्रीट तेवढ्याच लांबीत जवळपास निम्मेच वाढते. हा फरक सीलंटला वर्षानुवर्षे सोसावा लागतो. म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी सांध्याजवळ उभे राहून चार गोष्टी पाहाव्यात: तो किती हलणार आहे, त्याच्या दोन्ही कडा कोणत्या पदार्थाच्या आहेत, तेथे पाणी साचते की नुसते शिंतोडे उडतात आणि त्यावर रंग द्यायचा आहे का.

हालचालीचे माप बऱ्याच उत्पादनांच्या माहितीपत्रकात दिलेले असते. आयएसओ ११६०० या मानकात सीलंटचे ७.५, १२.५, २० आणि २५ असे वर्ग आहेत. २५ या वर्गाचे सीलंट १० मिलिमीटर रुंदीच्या सांध्यात अडीच मिलिमीटर ताणले किंवा दाबले गेले तरी टिकणे अपेक्षित असते. खिडक्या, बाहेरील भिंती आणि दोन भिन्न पदार्थ जेथे भेटतात अशा जागांसाठी २० पेक्षा खालच्या वर्गाचे काही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे उत्पादक हालचालीचा आकडा कोठेच देत नाहीत, त्यांच्या बाकीच्या दाव्यांवरही मी फारसा विसंबणार नाही.

ॲक्रिलिक सीलंट पाण्यावर आधारित असते, हाताळायला सोपे असते आणि त्यावर रंग उत्तम बसतो. पाणी उडून जाताना ते आकसते आणि त्याची लवचीकता बेताचीच असते. त्यामुळे दाराच्या चौकटीभोवतीच्या किंवा छताच्या कडेच्या, घरातील कोरड्या व बारीक फटींपुरतेच ते योग्य ठरते.

ओल्या जागांसाठी आणि काचेसाठी सिलिकॉन घ्यावे. ऊन आणि पाणी यांना ते दीर्घकाळ दाद देत नाही, मात्र त्यावर सहसा रंग चढत नाही. येथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण बरेच नुकसान त्याच्या अज्ञानातून होते. ज्या सिलिकॉनला घट्ट होताना व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडत असते. काच आणि चकचकीत टाइलवर त्याची पकड चांगली बसते. परंतु तांबे आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा यांना ते गंजवते, आरशामागचा थर खराब करते आणि संगमरवर किंवा काँक्रीट यांच्याशी त्याची रासायनिक क्रिया होते. अशा पृष्ठभागांसाठी ‘न्यूट्रल’ प्रकारचे, म्हणजे घट्ट होताना असे आम्ल न सोडणारे सिलिकॉन घ्यावे. दगड नैसर्गिक असेल तर तेवढ्यावरही थांबू नये, कारण काही सिलिकॉनमधील तेल दगडात झिरपून कडेला कायमचा डाग पडतो. ‘नैसर्गिक दगडासाठी’ असा स्पष्ट उल्लेख असलेलेच घ्यावे. न्हाणीघरासाठीच्या सॅनिटरी सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, त्यामुळे माशांच्या टाकीसाठी ते कधीही वापरू नये.

काँक्रीटच्या रुंद सांध्यांसाठी पॉलियुरेथेन चिवट असते आणि रंगही घेते, पण उन्हात उघडे राहिल्यास त्याचे अनेक प्रकार पिवळे पडतात. सिलिकॉन आणि पॉलियुरेथेन या दोहोंचे गुण एकत्र आणणारे हायब्रिड किंवा एमएस पॉलिमर सीलंट कमी आकसते, रंग स्वीकारते आणि बऱ्याच पदार्थांना चिकटते. बाहेरच्या सांध्यावर रंग द्यायचाच असेल तर मी त्यालाच पसंती देईन.

निवड अचूक असूनही सांधा चुकीचा भरला तर सीलंट फाटते. ते समोरासमोरच्या दोन कडांनाच चिकटले पाहिजे. तळालाही चिकटले तर त्याला ताणायला मोकळीक उरत नाही. खोल फटीत म्हणूनच आधी फटीच्या रुंदीच्या साधारण सव्वापट जाड अशी फोमची बॅकर रॉड (फटीत दाबून बसवायची गोल कांडी) बसवावी आणि रुंद सांध्यात सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी ठेवावी. जुने सिलिकॉन पूर्णपणे खरवडून काढावे, कारण घट्ट झालेल्या सिलिकॉनवर नव्या थराची पकड बसत नाही आणि वरून लावलेला थर सालीसारखा निघून येतो. कडा कोरड्या व तेलकटपणाविरहित कराव्यात, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी आणि सीलंटवर साय धरण्यापूर्वीच ती काढून घ्यावी. खिडकीच्या चौकटीत खालच्या बाजूस असलेली बारीक छिद्रे पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. ती बुजवू नयेत.

खरेदी करताना वापराची अंतिम तारीख अवश्य पाहावी, कारण मुदत संपलेले सीलंट नीट घट्ट होईलच असे नाही. ३०० मिलिलिटरच्या नळीत ६ मिलिमीटर रुंद आणि तितकाच खोल असा सुमारे ८ मीटर सांधा भरतो. सिलिकॉन हवेतील ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जाते आणि त्याचा वेग साधारणपणे दिवसाला २ ते ३ मिलिमीटर असतो. वरून कोरडे दिसले तरी जाड थर आतून ओलाच असतो. बाथटबची कड भरताना तर टब आधी पाण्याने भरून घ्यावा, म्हणजे वजनाने सांधा जेवढा उघडायचा तेवढा उघडतो, आणि सीलंट पुरते घट्ट झाल्यावरच ते पाणी सोडून द्यावे.