एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघण्यापूर्वीचे चार महिने

सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या माणसाला एव्हरेस्ट बेस कॅम्पची वाट कागदावर तरी फारशी अवघड दिसत नाही. जेथे विमान उतरते त्या नेपाळमधल्या लुक्ला गावापासून जाऊन-येऊन सुमारे १३० किलोमीटरचे अंतर, दिवसाला पाच ते सात तासांची चाल, दोर लावावा लागेल असा कडा कोठेही नाही आणि रात्री डोक्यावर छप्पर व पुढ्यात गरम जेवण. अलंग-मदन-कुलंगसारखे अवघड किल्ले केलेल्याने यात भ्यावे असे काय आहे, असे मला अनेकांनी विचारले आहे. भ्यायचे कारण नाही, पण उंचीचा हिशेब समजून घ्यायला हवा. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. लुक्ल्याची धावपट्टीच २,८०० मीटरच्या वर आहे आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. तेथील हवेतही प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते, परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा झालेला असल्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही जवळपास निम्म्यावर येतो.

यामुळे तयारीचे दोन भाग पडतात आणि त्यांची गल्लत करू नये. पाय, गुडघे आणि दम घरी राहून कमावता येतात. विरळ हवेची सवय मात्र तेथे पोहोचल्यावर आणि वेळ दिल्यावरच होते. पहिल्या भागातली कमाई दुसऱ्या भागात चालत नाही. उलट माझे निरीक्षण असे आहे, की चांगला दम असलेले गडीच जास्त वेळा आजारी पडतात, कारण ते चढ भराभर संपवतात आणि विश्रांतीचा दिवस त्यांना वाया गेल्यासारखा वाटतो. पहिल्या खेपेस मीही हेच केले. वाटेतल्या नामचे गावाचा चढ सर्वांच्या पुढे राहून संपवला आणि ती रात्र डोके धरून व उलट्या काढून घालवली.

शरीराची तयारी चार महिने आधी सुरू करावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जायचे असेल तर सरावाचे दिवस नेमके पावसाळ्यात येतात, गडवाटा निसरड्या असतात आणि तेव्हा इमारतीच्या जिन्याचाच आधार घ्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांना हिवाळा मिळतो, म्हणून प्रथमच जाणाऱ्यांना मी हाच हंगाम सुचवतो. आठवड्यातून चार दिवस पाऊण ते एक तास भरभर चालणे किंवा हळू धावणे पुरेसे आहे. वेग इतकाच असावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. याच संथ व्यायामाने दिवसभर चालण्याची ताकद येते. पुण्यातील मंडळींना आतकरवाडीतून सिंहगड हा हाताशी असलेला उत्तम सराव आहे. पहिला महिना रिकाम्या हाताने, नंतर पाठीवर पाच किलो आणि शेवटी सात-आठ किलो घेऊन चढावे. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या न्याव्यात, म्हणजे गुडघे दुखत असतील त्या दिवशी वर पाणी ओतून देऊन हलके उतरता येते.

उतरण्याचा सराव बहुतेक जण करतच नाहीत, आणि परतीच्या तीन दिवसांत गुडघे बोलू लागतात. एका पायरीवर उभे राहून दुसरा पाय तीन-चार सेकंद घेत हळूच खालच्या पायरीला टेकवायचा आणि पुन्हा वर घ्यायचा, हा व्यायाम दोन्ही पायांनी पंधरा-पंधरा वेळा, दिवसाआड करावा. त्याला बैठकांची जोड द्यावी. शेवटच्या दोन महिन्यांत किमान दोनदा शनिवार-रविवार सलग चालावे. राजगड-तोरणा यासाठी फार चांगला, कारण थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बूट चढवणे हीच त्या वाटेवरची रोजची परीक्षा असते. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात मात्र व्यायाम निम्म्यावर आणावा.

डॉक्टरांकडे जाणे निघण्याच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नये. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी तपासून घ्यावा. चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयविकार असेल, तर आणखी कोणत्या चाचण्या हव्यात हे डॉक्टरांना विचारावे. उंचीच्या त्रासासाठी घेतल्या जाणाऱ्या ॲसिटाझोलामाइडविषयी, म्हणजे डायमॉक्सविषयी, त्याच भेटीत बोलावे. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असल्यास ते अवश्य सांगावे. ही गोळी शरीराला सवय होण्यास मदत करते, पण ती घेतली म्हणून वाटेतले मुक्काम गाळायचा परवाना मिळत नाही.

मुक्काम ठरवताना एकच नियम धरावा: ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. म्हणूनच ३,४४० मीटरवरच्या नामचेत आणि ४,४१० मीटरवरच्या दिंगबोचेत दोन-दोन रात्री राहतात. त्या जादा दिवशी खोलीत पडून राहू नये. नामचेहून स्यांगबोचेच्या बाजूला तीनशे-चारशे मीटर चढून जावे, तासभर वर बसावे आणि झोपायला खाली यावे. असा जादा दिवस कापून ‘दहा दिवसांत बेस कॅम्प’ देणारा कार्यक्रम स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे आहेत आणि ती सौम्य असतील तर त्याच उंचीवर थांबल्यास बहुधा दिवसभरात उतरतात. ती असताना पुढे चढायचे नाही. झोपेची गोळी व मद्य दोन्ही टाळावे. बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळे पडणे किंवा खोकल्यातून फेस येणे म्हणजे फुप्फुसात पाणी साचत आहे. बोलण्यात असंबद्धता येणे किंवा एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत सरळ रेषेत चालता न येणे म्हणजे मेंदूला सूज येत आहे. या दोन्ही प्रसंगी सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, सोबत माणूस देऊन खाली उतरवणे हाच पहिला उपचार. पल्स ऑक्सिमीटरवर फार विसंबू नये, गारठलेल्या बोटावर तो चुकीचा आकडा दाखवतो. वाटेवरच्या फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना हंगामात चालू असतो, हे लक्षात ठेवावे.

सामानात बुटांना पहिला मान. पाय सुजलेले असतात म्हणून बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून आणि अर्धा नंबर मोठे घ्यावेत, आणि निघण्यापूर्वी ते घालून किमान शंभर किलोमीटर चालावे. नखे आदल्या दिवशी कापावीत, नाहीतर उतारावर अंगठे काळे पडतात. सुती बनियन घरीच ठेवावे, कारण घामाने भिजले की ते वाळत नाही आणि थांबल्याबरोबर अंग गार पडते. घाम ओढून घेणारा आतला कपडा, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचे जाकीट आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट, असे थर पुरतात. पिसांचे जाकीट व स्लीपिंग बॅग काठमांडूच्या ठमेल भागात भाड्याने मिळतात, तेव्हा एका ट्रेकसाठी विकत घेण्याची गरज नाही. पाण्याची नळी असलेली पिशवी दिंगबोचेच्या वर उपयोगी पडत नाही. पहाटे माझ्या नळीत बोटभर लांबीचा बर्फाचा खडा अडकला आणि पिशवीत दोन लिटर पाणी असूनही मी तीन तास तहानलेला चाललो. रुंद तोंडाची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवावी. पाणी वरून गोठते, त्यामुळे झाकण मोकळे राहते. रात्री तीच बाटली गरम पाण्याने भरून, मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्यावी. फोन आणि हेडटॉर्चच्या बॅटऱ्याही उबेत, अंगाजवळ ठेवाव्यात.

नामचेच्या वर मांस टाळावे, कारण ते खालून माणसांच्या किंवा जनावरांच्या पाठीवर दिवसेंदिवस प्रवास करून येते. दाळ-भात सर्वांत भरवशाचा. बेस कॅम्पच्या अलीकडच्या लोबुचे मुक्कामी भूक मेली की तोही समोर नकोसा होतो, आणि तेव्हा घरून नेलेले मेतकूट गरम भातावर घातल्यावर माझ्या सोबत्यांनी पूर्ण ताट संपवलेले मी पाहिले आहे. चिक्की, खजूर आणि राजगिऱ्याच्या वड्या खिशात असाव्यात.

कागदपत्रांबाबत, भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, परंतु विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे. प्रौढांनी आधार कार्डावर भिस्त ठेवू नये. विम्याची प्रत वाचून घ्यावी, त्यात हेलिकॉप्टरने सुटका आणि ५,५०० मीटरच्या वरील उंची स्पष्ट लिहिलेली असावी, कारण नेहमीच्या मेडिक्लेममध्ये बहुधा ही तरतूद नसते. हंगामात लुक्ल्याची अनेक विमाने काठमांडूऐवजी चार-पाच तासांच्या रस्त्यावरच्या रामेछाप येथून सुटतात आणि ढग आले की एखादा दिवस उड्डाणच होत नाही. म्हणून काठमांडूहून परतीचे तिकीट काढताना मध्ये दोन मोकळे दिवस ठेवावेत आणि रजेचा अर्जही तेवढ्याच दिवसांचा द्यावा.