अंड्याला खिडकी पाडायची तर

फोंड्याला आमच्या प्रयोगशाळेत एम. फार्मची मुलं येतात ती बहुतेक भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीचा अर्क घेऊनच. "मॅडम, कॅमवर टाकून बघायचाय." कॅम म्हणजे कोरिओअलँटॉइक मेम्ब्रेन, अंड्यात पिल्लू वाढताना कवचाच्या आतून पसरणारा, रक्तवाहिन्यांनी भरलेला पातळ पडदा. पिल्लाचा श्वास त्यातूनच चालतो. औषधाने नव्या रक्तवाहिन्या फुटतात की खुंटतात ते त्यावर सरळ दिसतं, म्हणून कर्करोगावर काम करणाऱ्यांना तो हवाच असतो. 1911 साली राउस आणि मर्फी यांनी त्यावर कोंबडीच्या कर्करोगाची गाठ वाढवून दाखवली होती. त्या वयात पिल्लाची प्रतिकारशक्ती कच्ची असते, त्यामुळे माणसाची गाठसुद्धा तिथे रुजते.

पण अर्क नंतर. आधी अंडी बघू.

दुकानातली पांढरी अंडी चालत नाहीत, ती फलित नसतात. मग कोणीतरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गावठी घेऊन येतो. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, कोंबड्याबरोबर हिंडणाऱ्या कोंबडीचं अंडं फलित असेलही, पण ते कधी घातलं आणि कुठे लोळत होतं, देव जाणे. उबवणी केंद्रातून एकाच जातीची, एकाच दिवसाची अंडी मागवा. घाट उतरून आली असतील तर निमुळतं टोक खाली करून रात्रभर गार खोलीत स्थिरावू द्या. धुवायची मात्र नाहीत. कवचाला बारीक छिद्रं असतात, पाण्याबरोबर घाण आत जाते. 70 टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने हलकं पुसा, बस्स.

इन्क्युबेटर 37.5 अंशांवर आणि आर्द्रता 60 ते 65 टक्के. आपल्याकडे जुलैत कपडे वाळत नाहीत, तेव्हा मुलांना वाटतं ट्रेमध्ये पाणी कशाला? बाहेरची 90 टक्क्यांची हवा आत तापली की तिची आर्द्रता पन्नाशीवर येते. पाणी लागतंच. पावसात दुसरी कटकट बुरशीची, म्हणून ट्रेमधलं पाणी उकळून गार केलेलं घाला आणि रोज बदला. वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका. बंद पेटी बराच वेळ ऊब धरून ठेवते.

अंडी आडवी ठेवायची, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची. ठेवली तो दिवस शून्य धरा.

तिसऱ्या दिवशी खरं काम. अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर धरून लाल जाळं दिसतंय का बघा. दिसत नसेल ते अंडं बाजूला. मग निमुळत्या टोकाला बारीक भोक पाडून 21 गेजची सुई कवचाला लगटून, खालच्या बाजूला तिरकी घाला आणि दोन-तीन मिली पांढरं सावकाश ओढून घ्या. घाईने ओढलंत तर चिकट भाग सुईत अडकतो. सिरिंजमध्ये पिवळं दिसलं तर बलक फुटला, ते अंडं गेलं. ही पातळी खाली का आणायची? नाहीतर तयार होणारा पडदा वरच्या कवचाला चिकटतो आणि खिडकी कापताना कवचाबरोबर निघून येतो.

भोक टेपने बंद करा. आता वरच्या खुणेवर आधी पारदर्शक टेप लावा आणि टेपसकट, वाकड्या कात्रीने सेंटिमीटरभर खिडकी कापा. टेप विसरलात तर कवचाचा चुरा आत पडतो. तो पडला की तिथे सूज येते, रक्तवाहिन्या त्याच्याभोवती गोळा होतात, आणि आठवड्याने तुम्ही म्हणता की औषधाने गुण दाखवला! खिडकीतून धडधडणारं लाल टिंब दिसलं की सगळे मोबाईल काढतात. फोटो राहू द्या, अंडं गार होतंय. टेप लावून परत आत ठेवा.

आठव्या दिवशी औषध. आणि इथे भिरंडाची गोष्ट. हा अर्क चांगलाच आंबट, त्यात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भरपूर. तसाच टाकला तर पडदा भाजतो, रक्तवाहिन्या पांढुरक्या पडतात, आणि प्रबंधात "रक्तवाहिन्यांची वाढ रोखली" असं छापलं जातं. पीएच सातच्या आसपास आणा. तरी शंका असेल तर नऊ दिवसांची वेगळी अंडी घेऊन त्यांच्या पडद्यावर 0.3 मिली टाका आणि घड्याळ लावून पाच मिनिटं नजर हलवू नका. रक्तस्राव, वाहिन्या विरघळणं, गोठणं, यातलं काही दिसलं तर अर्क पातळ करा. तुलनेला एका गटावर निरुपद्रवी 0.9 टक्के मिठाचं पाणी, दुसऱ्यावर नक्की भाजणारं 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड.

मग फिल्टर पेपरच्या निर्जंतुक चकत्यांवर अर्क घालून त्या पडद्यावर ठेवा, मोठ्या वाहिन्यांपासून लांब. एक गट नुसत्या द्रावकाच्या चकतीचा हवाच. या गटाशिवाय आलेला निकाल मी वाचतसुद्धा नाही. 48 ते 72 तासांनी बघा. वाढ झाली असेल तर सायकलच्या तारांसारख्या वाहिन्या चकतीकडे वळलेल्या दिसतात. फोटो काढा, फाइलींना नुसते आकडे द्या आणि मोजायला अशा माणसाला बसवा ज्याला कुठला गट कुठला ते माहीत नाही. स्वतः मोजलंत तर हवी तेवढीच वाहिनी दिसते, हा माणसाचा स्वभाव.

जुन्या वाहिन्या आधीपासूनच असतात, त्यामुळे नवी कुठली हे सांगणं अवघड. म्हणून चकती ठेवायच्या आधीचाही फोटो लागतो. तो बहुतेक जण काढत नाहीत.

परवानगीचं म्हणाल, तर अंडंच तर आहे म्हणून सोडून देऊ नका, संस्थेच्या नीतिसमितीला लेखी विचारा. आम्ही बाराव्या दिवसापुढे जात नाही. फोटो झाले की अंडी उणे 20 च्या फ्रीझरमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात.