नव्या एजंटानं ग्राहकासाठी लिहायचं काय?

'प्राइम लोकेशन, भरपूर हवा-उजेड, त्वरित संपर्क.' कोल्हापुरातल्या घर-जमिनीच्या नव्या एजंटाचे पहिले मेसेज बहुधा असेच असतात, आणि ते कुणी वाचत नाही. महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी, प्रशिक्षण, परीक्षा हे सगळं उरकलंय असं धरून पुढचं सांगतोय. ग्राहक येतो तो दोन-तीन प्रश्न मनात घेऊन. त्यांवर साध्या मराठीत लिहा, तो तुमचा नंबर आपणहून सेव्ह करेल.

पहिला विषय पूर. तोंडानं विचारो न विचारो, नदीच्या बाजूचा फ्लॅट म्हटलं की तो प्रश्न असतोच. आणि नवा माणूस इथंच अडकतो, कारण तो लिहून टाकतो: 'पूरमुक्त परिसर'. भावा, हे दोन शब्द लिहू नका. रेरा कायद्याच्या कलम १० नुसार एजंटानं दिशाभूल करणारं विधान करायचं नाही. साइटवर बोललेलं विरून जातं, मेसेजचा स्क्रीनशॉट राहतो.

मग लिहायचं कसं? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे शहरात सगळ्यांना पाठ आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, तेही लोक विसरलेले नाहीत. ग्राहकाला फूट नकोत, त्या इमारतीत पाणी कुठवर आलं ते हवंय. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पुरांचं वेगवेगळं विचारा. पार्किंगमध्ये आलं का? मीटरचा बोर्ड, लिफ्टचा खड्डा, जमिनीखालची टाकी यांचं काय झालं? घर कोरडं राहिलं, पण रस्ता किती दिवस बंद होता? वॉचमनच्या शब्दावर जाऊ नका, तो गेल्या वर्षी आलेला असतो. तळमजल्याच्या दुकानदाराला आणि सोसायटीतल्या जुन्या रहिवाशाला विचारा, कंपाउंडच्या भिंतीवरचा डाग बघा.

पूररेषाही नीट समजून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आतला पट्टा निषिद्ध, निळ्या-लालच्या मधला नियंत्रित. पण प्लॉट रेषेबाहेर आहे म्हणजे पाणी येणारच नाही, असं नव्हे. पंचगंगेला फुग आली की जयंती नाल्याचं पाणी मागं सरकतं आणि नदीपासून लांब असलेल्या शाहूपुरीच्या काही भागातही शिरतं. म्हणून वाक्य असं ठेवा: 'सोसायटीतल्या रहिवाशांच्या माहितीनुसार २०१९ व २०२१ मध्ये पार्किंगमध्ये पाणी नव्हतं, पुढचा रस्ता मात्र बंद होता.' खरं लिहिल्यानं गिऱ्हाईक पळेल ही भीती सोडा. काही जण हे वाचूनच दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला येतात.

दुसरा विषय क्षेत्रफळ. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात गुंठा, आणि दोन्ही एकच समजून व्यवहार होतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. गुंठा १०८९. दहा गुंठ्यांत सव्वाशे चौरस फुटांचा फरक पडतो. चालू दरानं तो आकडा मांडून दाखवा. फ्लॅटच्या बाबतीत रेराचा कार्पेट आणि ब्रोशरमधला 'सुपर बिल्टअप' शेजारी शेजारी लिहा. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही.

सातबारा हा विषय मोठा आहे, एका लेखात कोंबू नका. सातबारा महसुली नोंद आहे, मालकीचा एकमेव पुरावा नव्हे, हे एकदा लिहा. मग भोगवटादार वर्ग-२ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) वेगळ्या लेखात, 'इतर हक्क' रकान्यातलं कूळ आणि बोजा आणखी वेगळ्या. संस्थानकाळातल्या इनाम आणि देवस्थान जमिनी आपल्या जिल्ह्यात भरपूर, त्यामुळे तोही विषय घ्या. फक्त 'टायटल क्लिअर' असा निकाल तुम्ही देऊ नका. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, वकील काढतो. वकिलाला काय विचारायचं, एवढंच तुम्ही लिहा.

बाकी किरकोळ. पाचगाव, उचगावसारख्या गावांत बांधकाम परवानगी कुणाची, यावर लिहा. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी प्राधिकरण झालं, तरी महापालिका समजून चुकीच्या दारात जाणारे पुष्कळ. नोंदणी शुल्क एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्काचा दर आणि महिलांची सवलत लिहाल तेव्हा खाली तारीख टाका. जुना दर फिरत राहिला की शिव्या तुम्हालाच.

लांबी दीडशे-दोनशे शब्द, एका वेळी एकच प्रश्न. बिल्डरचं ब्रोशर उतरवून काढणं हा शॉर्टकट नाही, आळस आहे. हजारो रुपये घेऊन 'लीड' म्हणजे गिऱ्हाईक मिळवणं शिकवणाऱ्यांपेक्षा दुय्यम निबंधक कार्यालयात सोबत बसवणारा जुना एजंट बरा; तो चिडका असला तरी त्याच्याकडून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, वाचायला शिका.

आणि माहितीच्या लेखात एखाद्या प्रकल्पाचं नाव, दर, फ्लॅटचा आकार घातलात की त्याची जाहिरात होते. मग प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, क्यूआर कोड आणि तुमचा स्वतःचा नोंदणी क्रमांक त्यावर हवाच. घालायचा नसेल, तर प्रकल्पाचं नाव काढा.