टेबलाखालचे जुने एक्स्टेन्शन बोर्ड बदलाच

ठाण्यातली वागळे इस्टेट काय नि नवी मुंबईतलं महापे काय, छोट्या ऑफिसांत टेबलाखाली वाकून बघा, एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचलेला, त्यावर पीसी, प्रिंटर आणि वर चहाची किटली पण. ६ अँपिअरचा बोर्ड म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट, किटली एकटीच बरेचदा १५०० ची असते, मग प्लग तापणारच ना! ती भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा. पिवळा पडलेला, सैल बोर्ड टेप मारून चालवू नका, सरळ भंगारात. सर्ज प्रोटेक्टर म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यांपासून वाचवणारा बोर्ड, त्यातला झटका शोषणारा भाग (एमओव्ही) झटके खाऊन झिजतो, प्रोटेक्शनचा दिवा विझला असेल तर तो आता नुसता साधा बोर्ड, पीसी चालू राहतो म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. नवा आयएसआय मार्कचाच घ्या, पण आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा.