जुना व्हीआर बॉक्स फेकू नका, त्यात घरचे फोटो थ्रीडी दिसतात, असं करा

मोबाईल आत सरकवून भिंगांतून आभासी जग (व्हीआर) बघायचा तो प्लास्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा व्हीआर बॉक्स माळ्यावर पडला असेल तर भंगारात देऊ नका. जुनी ॲप्स शोधत बसू नका, बरीचशी बंद पडलीयेत, त्यापेक्षा स्वतः फोटो काढून बघा.

या बॉक्सची लाट सुरू झाली गूगलच्या पॅरिसच्या ऑफिसातून, तिथल्या दोघांनी पुठ्ठा, दोन भिंगं, एक चुंबक आणि रबरबँड एवढ्यावर चष्मा बनवला आणि जून २०१४ मध्ये गूगलच्या कार्यक्रमात आलेल्या लोकांना तो फुकट वाटला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने वर्गणीदारांना असे १० लाखांवर चष्मे दिले, फोन घालायचे सॅमसंगचा गिअर व्हीआर आणि गूगलचा डेड्रीम हे बॉक्सही आले. पण मान वळवली की चित्र वळायचं आणि एक पाऊल पुढे टाकलं तर काहीच जवळ यायचं नाही, म्हणून डोकं गरगरायचं, फोन तापायचा, आणि स्वस्त फोनमध्ये जायरोस्कोपच (फोन कुठे वळला ते ओळखणारा सेन्सर) नसायचा त्यामुळे मान वळवूनही चित्र जागचं हलायचं नाही. २०१९ ला डेड्रीम गुंडाळलं, २०२१ ला गूगलने पुठ्ठ्याचा चष्मा विकणंही थांबवलं.

फोटोला मात्र जायरोस्कोप लागत नाही, प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळ्या जागेवरून काढलेला फोटो दिसला की झालं, म्हणून कुठलाही फोन चालतो.

कॅमेरा १:१ वर, म्हणजे चौकोनी फोटोवर ठेवा. पाय थोडे फाकवून उभे रहा, भार डाव्या पायावर घेऊन एक फोटो, मग फोन अजिबात न फिरवता भार उजव्या पायावर घेऊन दुसरा, म्हणजे फोन साधारण ६ सेंटीमीटर सरकला पाहिजे, आपल्या दोन डोळ्यांत असतं तेवढंच अंतर. सगळ्यात जवळची वस्तू दोनेक मीटरवर असली की मस्त जमतं. लांबचं काही असेल तर जास्त सरका, जवळची वस्तू ३० मीटरवर तर १ मीटर. हलणारं काही नको, पळणारं पोर दोन्ही फोटोंत वेगळ्या जागी येतं आणि डोळे दुखतात.

मग कुठल्याही कोलाज ॲपमध्ये डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, मध्ये फट नको. मी पहिल्यांदा उलटे लावले तर मागची भिंत पुढे आणि पुढची कुंडी भिंतीत घुसलेली दिसली.

आता खरी गोम, जी कोणी सांगत नाही. हे बॉक्स निघाले तेव्हा फोन ५-६ इंचांचे होते, आताच्या मोठ्या स्क्रीनवर दोन चित्रं एकमेकांपासून फार लांब जातात आणि डोळे ओढल्यासारखे होतात. कोलाजला चारी बाजूंनी जाड काळी बॉर्डर द्या आणि फोनवर पट्टी ठेवून मोजा, डाव्या फोटोच्या मध्यापासून उजव्याच्या मध्यापर्यंत ६ सेंटीमीटरच्या आसपास यायला हवं. ब्राइटनेस वाढवा, भिंगं मऊ सुती कापडाने पुसा, आणि फोन आत असताना बॉक्स उन्हात ठेवू नका, भिंगातून ऊन जाऊन स्क्रीन जळते.

मी गावच्या अंगणातलं तुळशीवृंदावन असं काढलंय, पुढे पणती, मागे ओटा, ओट्यावर आजी सूप घेऊन बसलेली. आजी आता नाही. बॉक्स डोळ्याला लावला की पणती आणि आजी यांच्यामधली अंगणाची जागा तशीच्या तशी दिसते, साध्या फोटोत ती कधीच दिसली नव्हती.