पहिल्या गेमिंग पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड: नंबर नंतर, मेमरी आधी

पहिला पीसी जुळवायला निघालेली मुलं हमखास एकच प्रश्न घेऊन येतात: "तीस-पस्तीस हजारांत कुठलं कार्ड घेऊ?" मी आधी विचारतो, मॉनिटर कुठला आहे? ते ठरलेलं नसेल तर कार्डावर बोलण्यात अर्थ नाही. तरीही इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थेट कार्डांच्या यादीपासून सुरू होतात आणि पैसे तिथेच वाया जातात.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम तुम्ही ठरवलेले आहेत असं मी धरून चालतो. नसतील तर आधी ते ठरवा, कारण मदरबोर्डचा संबंध पुढे येणार आहे.

पायरी १: मॉनिटर

फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, साधारण २१ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे जवळजवळ ३७ लाख, आणि फोरके म्हणजे ८३ लाख. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, एवढे ठिपके कार्डाला रंगवावे लागतात. म्हणून फुल एचडीवर मजेत पळणारं कार्ड फोरकेवर दमतं. पहिल्या पीसीला फुल एचडी किंवा १४४०पी, तेही १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या) आसपासचं, पुरेसं आहे. फोरकेचा विचार आत्ता सोडून द्या.

पायरी २: गेम

फक्त व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणार असाल तर कार्डावर कमी आणि प्रोसेसरवर जास्त खर्च करा. हे गेम प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात. व्हॅलोरंट तर रायझन ५ ८६००जी या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवरही फुल एचडीला नीट चालतो. पैसे जमेपर्यंत तसंच खेळलात तरी काही बिघडत नाही.

सायबरपंक २०७७ सारखे मोठे गेम खेळायचे असतील तर मात्र पुढचं सगळं वाचा. एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (डिसेंबर २०२४) आणि डूम: द डार्क एजेस (मे २०२५) या गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्यांचा हिशेब कार्डातच करण्याची सोय) असलेलंच कार्ड लागतं. त्यामुळे ती सोय नसलेलं जीटीएक्स १६६० किंवा आरएक्स ५७०० कितीही स्वस्त मिळालं तरी नव्या पीसीत घालू नका.

पायरी ३: बजेट

मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेतले ३५ ते ४० टक्के कार्डासाठी ठेवा.

पायरी ४: मेमरी, आणि एकाच नावाची दोन कार्डं

सगळ्यांची गाडी इथेच अडते. मलाही याच पायरीने सगळ्यात जास्त छळलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कार्डाची स्वतःची मेमरी असते. तिला व्हीरॅम म्हणतात. भिंतींचे पोत (टेक्श्चर), चेहरे, कपडे, सावल्या, सगळं तिथे ठेवलेलं असतं. ती भरली की कार्ड उरलेला माल पीसीच्या रॅममधून ओढायला लागतं. हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांत बघा. आरटीएक्स ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी वेगाने माल देते. तेच कार्ड मदरबोर्डशी पीसीआय एक्सप्रेस स्लॉटच्या फक्त ८ लेनने, म्हणजे वाटांनी, जोडलेलं असतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर त्या ८ लेनमधून सेकंदाला साधारण १६ जीबी येतात आणि तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर ८. ओट्यावरची जागा संपली आणि प्रत्येक डबा माळ्यावरून काढायची वेळ आली, तर स्वयंपाक कसा होईल? तसाच गेम चालतो.

आता हे पडद्यावर कसं दिसतं ते सांगतो, कारण बेंचमार्कच्या (वेगाच्या चाचणीच्या) तक्त्यात ते दिसत नाही. कोपऱ्यातला आकडा सेकंदाला ७० फ्रेम दाखवत असतो. तुम्ही शहराच्या नव्या भागात गाडी वळवता आणि चित्र क्षणभर थिजतं, मग पुढे उडी मारतं. किंवा दुकानाच्या पाटीजवळ उभे राहता आणि अक्षरं धुरकटच राहतात, कारण मेमरी पुरत नाही म्हणून गेमने गुपचूप हलके टेक्श्चर लावलेले असतात. सरासरी फ्रेमरेट उत्तम, खेळण्याची मजा शून्य. म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर लावून तीन गोष्टी पडद्यावर ठेवा: फ्रेमरेट, फ्रेमटाइमची (एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेची) रेघ आणि वापरलेली मेमरी. मेमरी काठोकाठ भरलेली असताना फ्रेमटाइमच्या रेघेला सुया फुटायला लागल्या, की दोष प्रोसेसरचा नाही, मेमरीचा आहे. मित्राकडे ८ जीबीचं कार्ड असेल तर तुम्ही घेणार तो गेम तिथे असा चालवून बघा. दहा व्हिडिओ बघून जे कळत नाही ते अर्ध्या तासात कळेल.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. टेक्श्चरची सेटिंग 'अल्ट्रा' केल्याने कार्डाच्या मेंदूवर फारसा ताण येत नाही, फक्त मेमरी लागते. म्हणजे मेमरी भरपूर असेल तर मध्यम ताकदीचं कार्डही तीन-चार वर्षांनी, बाकी सेटिंग उतरवून, देखणं चित्र देत राहतं. मेमरी कमी असेल तर पहिला बळी टेक्श्चरचाच जातो आणि नवा गेम जुन्यासारखा दिसू लागतो. त्यात रे ट्रेसिंग आणि फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवून घालणं) या दोन्ही गोष्टी स्वतःच मेमरी खातात. ज्या सोयींच्या नावावर ८ जीबीची कार्डं विकली जातात त्या सुरू केल्या की त्याच कार्डांची मेमरी आधी भरते.

म्हणून माझं मत ठाम आहे: मोठ्या गेमसाठी २०२५ नंतर नवं कार्ड घेताना १२ जीबी ही खालची मर्यादा, आणि १६ जीबी मिळत असेल तर तेच. ८ जीबीचं कार्ड फक्त ईस्पोर्ट्स (व्हॅलोरंटसारखे स्पर्धेचे गेम) आणि फुल एचडीसाठी, तेही किंमत खरोखर कमी असेल तर. "८ जीबी पुरतं, सेटिंग थोडी कमी करा" म्हणणाऱ्याला विचारा की पीसी नवा घेतल्या दिवशीच सेटिंग कमी का करायची?

आता याच पायरीतला दुसरा सापळा. कंपन्या एकाच नावाने वेगवेगळी कार्डं विकतात. आरटीएक्स ५०६० टीआय एप्रिल २०२५ मध्ये ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आलं. आरएक्स ९०६० एक्सटी जूनमध्ये तसंच दोन रूपांत. खोक्यावरचं नाव एकच, फरक कोपऱ्यातल्या एका आकड्याचा. आरटीएक्स ३०६० मध्ये तर जास्त वाईट प्रकार झाला: मूळ कार्ड १२ जीबी आणि १९२ बिट (मेमरीपासून मेंदूपर्यंतच्या वाटेची रुंदी, म्हणजे बस-रुंदी), नंतर आलेलं ८ जीबीचं कार्ड १२८ बिट, म्हणजे मेमरी कमी आणि तिचा वेगही कमी. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी रूप हे ८ जीबीवाल्याचं नुसतं कमी मेमरीचं भावंड नाही. त्यात कोअरही, म्हणजे हिशेब करणारे भागही, कमी आहेत आणि मेमरीची वाट ९६ बिटची आहे. आरएक्स ५८० च्या नावाखाली '२०४८एसपी' नावाचं कार्ड विकलं जातं. त्यात शेडर, म्हणजे असेच हिशेब करणारे भाग, २०४८ आहेत; मूळ ५८० मध्ये २३०४ होते. दुकानदार तोंडी फक्त "फाइव्ह-एटी आहे" एवढंच सांगतो. म्हणून पूर्ण नाव, मेमरी आणि बस-रुंदी हे तिन्ही कोटेशनवर लिहून घ्या. लिहून द्यायला कुरकुर करणाऱ्या दुकानातून बाहेर पडा.

उलटा सापळाही ओळखून ठेवा. "४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड बसवून देतो" म्हणून आजही जीटी ७३० गळ्यात मारलं जातं. ते २०१४ चं कार्ड आहे. मेमरी मोठी असली तरी मेंदू कमकुवत असेल तर तिचा उपयोग नाही. आधी कार्डाची पिढी आणि दर्जा बघायचा, मग त्या दर्जात मेमरी जास्त असलेलं कार्ड निवडायचं.

नावं घेऊन सांगायचं तर फक्त गेमिंगसाठी माझी पहिली पसंती आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीला. त्याला पूर्ण १६ लेन आहेत, त्यामुळे बी४५० किंवा ए५२० सारख्या मदरबोर्डच्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवरही त्याचं फारसं अडत नाही. ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) शिकायचं असेल, व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल किंवा रे ट्रेसिंगची फार हौस असेल तर आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी. पैसे कमी असतील तर इंटेलचं आर्क बी५८०, १२ जीबी. पण ते फक्त नव्या प्रोसेसरसोबत घ्या आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय, सुरू करा. जुन्या सहा-कोर रायझनवर बी५८० ची बरीच ताकद वाया जाते.

फ्रेम जनरेशनचे फुगवलेले आकडे तुलनेत अजिबात धरू नका. मुळात ६० च्या आसपास फ्रेम मिळत असतील तरच ते कामाचं, नाहीतर माउस हलवल्यावर जडपणा जाणवतो. डीएलएसएस आणि एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवणाऱ्या सोयी) मात्र 'क्वालिटी' मोडमध्ये खुशाल वापरा.

प्रोसेसर आणि कार्ड यांत कोण कोणाला अडवतं ते सांगणाऱ्या 'बॉटलनेक कॅल्क्युलेटर' नावाच्या वेबसाइट बंद करा. तुमचा गेम आणि तुमचा मॉनिटर माहीत नसताना टक्केवारी सांगणाऱ्या आकड्याला काही किंमत नाही.

पायरी ५: एसएमपीएस (पॉवर सप्लाय), कॅबिनेट, उन्हाळा

वर सांगितलेली तिन्ही कार्डं १५० ते १९० वॅटमध्ये बसतात. चांगल्या कंपनीचा ५५० ते ६५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. ८५० चा आग्रह धरणाऱ्याचं ऐकू नका. पण कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस कधीही वापरू नका, मग त्यावर कितीही वॅट छापलेले असोत. घरच्या प्लगला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. आणि ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. गेम सुरू असताना लाईट गेली आणि यूपीएसने मान टाकली तर त्यात कार्डाचा दोष नसतो.

कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर लांबीचं कार्ड मावतं ते बघा आणि पुढे पाण्याच्या कूलरचा रेडिएटर लावणार असाल तर त्याची जाडी त्यातून वजा करा. पुढची बाजू जाळीची हवी, काचेची नको. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ अंश असतात. तिथे एका पंख्याचं कार्ड घेऊ नका. दोन पंखे पुरतात. तिसरा पंखा आणि रंगीत दिवे यासाठी तीन-चार हजार जास्त मोजण्यापेक्षा ते पैसे मेमरीत घाला.

पायरी ६: खरेदी

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन घ्या, भाव आधी दोन्हीकडे बघून ठेवा. दुकानात सांगितलेला भाव जीएसटीसह आहे का हे पहिल्या वाक्यात विचारा. १८ टक्के ही लहान रक्कम नाही. बिलाशिवाय स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. बिलावर कार्डाचा सिरियल नंबर हवा, आणि तो खोक्यावरच्या व कार्डावरच्या नंबरशी तिथेच, काउंटरवर, जुळवून बघायचा. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर त्या ब्रँडची वॉरंटी भारतात चालेल का, हे कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

सेकंड हँडला माझा विरोध नाही, पण न बघता घेण्याला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (दिवसरात्र कार्ड चालवून चलन कमावणं) बंद झालं आणि तेव्हाची कार्डं अजून बाजारात फिरत आहेत. विकणाऱ्याच्या घरी जा, चालू पीसीत बघा. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा: कार्डाचा बायोस बदलून जुन्या कार्डाला नवं नाव दिलेलं असेल तर ते बऱ्याचदा नावाआधी 'फेक' असं दाखवतं. मग एखादा जड गेम वीस मिनिटं चालवा. तापमानासोबत 'हॉटस्पॉट'चा, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचा, आकडा बघा. तो मुख्य तापमानापेक्षा २५-३० अंशांनी वर असेल तर आतली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली आहे किंवा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नीट बसलेला नाही. भाव पाडा किंवा सोडून द्या. पडद्यावर रंगीत ठिपके दिसले तर भावाचीही चर्चा नको.

पायरी ७: बसवल्यावर

मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लावा. विंडोजमध्ये जाऊन रिफ्रेश रेट १४४ वर स्वतः बदला. तो बहुतेक वेळा ६० वरच राहिलेला असतो. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) थेट एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरून घ्या. आणि बदलून मिळण्याची मुदत असेपर्यंत, पहिल्याच आठवड्यात, तुमच्याकडचा सगळ्यात जड गेम रोज तास-दोन तास चालवा. बिलाचा फोटो काढून मेलवर ठेवा, कारण दुकानातली छापील पावती वर्षभरात पुसट होते आणि वॉरंटीच्या काउंटरवर पहिल्यांदा तीच मागतात.